मोहाचे फूल आणि मोझेलची द्राक्षे



फाल्गुन सरत आला की आमच्या भंडारा जिल्ह्यात पहाटेचा वारा गोड होतो. साकोलीकडून लाखांदूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला जी जुनी, पानझड झालेली झाडे दिसतात, त्यांच्याखाली दिवस उजाडण्यापूर्वीच बायामुले टोपल्या घेऊन वाकलेली असतात. रात्रभर झाडावरून टपटप गळलेली फिकट पिवळी, रसाने टचटचीत भरलेली फुले ती वेचीत असतात. हा मोह. दोन-तीन आठवडे हा हंगाम चालतो आणि तेवढ्या दिवसांत घरातले लहानथोर सारेच त्या झाडाचे चाकर होतात.

अशाच एका सकाळी मी विद्यार्थ्यांना घेऊन जंगलाच्या कडेच्या एका गावी गेलो होतो. एक म्हातारी आजी अंगणात फुले वाळत घालीत होती. आमच्यातला एक पोरगा हसून म्हणाला, "आजी, यंदा भट्टी जोरात दिसते!" आजीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "गुरुजी, पोराईले सांगा जी, मोहाले नुसती दारू मनू नोका. दारू मांगून आली. आदी तं तो आमचा खाजा होय."

मी इतिहास शिकवतो. आजीच्या त्या तीन वाक्यांत इतिहासाचा एक मोठा प्रश्न आहे, हे माझ्या ध्यानात यायला मात्र थोडा वेळ लागला. मोह आधी अन्न होता, मग तो नुसती दारू कसा झाला? आणि तो तसा कोणी केला? आज या प्रश्नाचाच विचार आपण करू. पण त्यासाठी मला आपणांस जरा लांबच्या मुलखात न्यावे लागेल. तिथे आहे एक नदी, आणि नदीच्या काठी आहेत द्राक्षाचे मळे.

जर्मनी देशाच्या पश्चिम भागात मोझेल नावाची नदी आहे. वळणे घेत घेत ती कोब्लेन्झ या गावाजवळ ऱ्हाईन नदीला मिळते. तिच्या दोन्ही काठांवर पाटीच्या दगडाचे डोंगर आहेत आणि ते इतके उभे की बैल तर सोडाच, माणसालाही तोल सांभाळून चढावे लागते. त्या उतारांवर द्राक्षाचे वेल लावलेले आहेत. रोमन लोकांनी ही लागवड तिकडे नेली. चौथ्या शतकात ऑसोनियस नावाच्या रोमन कवीने या नदीवर एक मोठे काव्य रचले, त्यातही काठच्या द्राक्षमळ्यांचे वर्णन आहे. तिथे होणाऱ्या पांढऱ्या द्राक्षांच्या एका जातीला रीसलिंग म्हणतात. १४३५ सालच्या एका सरदाराच्या हिशेबात या जातीचे वेल विकत घेतल्याची नोंद सापडते. म्हणजे आपल्याकडे बहमनी राज्य चालू होते, तेव्हाची ही गोष्ट झाली.

आता हा मुलूख थंड. तिथले ऊन आपल्या पौषातल्या उन्हासारखे कोवळे. त्यामुळे द्राक्ष सावकाश पिकते. त्यात साखर येते, पण आंबटपणा जात नाही. दिवसा तापलेला पाटीचा दगड रात्री वेलाला ऊब देतो. अशा द्राक्षाचा रस काढून तो नुसता आंबवला की त्याची वाइन होते. ती भट्टीवर चढवीत नाहीत, ऊर्ध्वपातन करीत नाहीत. म्हणून तिच्यात मद्यार्काचे प्रमाण बेताचे असते, शेकडा आठ ते बाराच्या आसपास. वर्षभराच्या आत बाटली उघडली तर तिला हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा ताजा वास असतो, असे जाणकार सांगतात.

मला त्यांच्या या पेयापेक्षा त्यांच्या रिवाजाचे अधिक नवल वाटते. ही वाइन कशाबरोबर घ्यावी याचा तिकडे फार बारकाईने विचार झालेला आहे. ओढ्यातला ट्राउट मासा लोण्यावर परतला की तिच्यासोबत ती घ्यावी. डुकराच्या चरबीदार मांसाबरोबर घ्यावी, कारण तिचा आंबटपणा तुपकटपणा कापतो. आपण तळलेल्या मासळीवर लिंबू पिळतो ना, अगदी तेच तत्त्व! वसंत ऋतूत तिकडे पांढऱ्या शतावरीचे कोवळे कोंब निघतात. आपल्या औषधी शतावरीची ही चुलत बहीण. २४ जूनला संत योहानाचा सण येतो आणि त्या दिवशी हे कोंब काढणे बंद होते. तोपर्यंत घरोघरी उकडलेले कोंब, बटाटे आणि सोबत पांढरी वाइन, असा बेत असतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडी बांबूचे वास्ते निघाले की दोन-चार आठवडे त्यांचीच भाजी चालते, तसेच हे. तिखट पदार्थांशी मात्र थोडी गोडसर वाइन जुळते, कारण गोडव्याने तिखटाची धार मोडते.

आपण म्हणाल, गुरुजी, हे आम्हांला कशाला? तर ते एवढ्यासाठी की, तिकडे त्या पेयाला एक ताट आहे, एक ऋतू आहे, एक गाव आहे. मोझेलच्या शेतकऱ्याला कोणी दारुडा म्हणत नाही. तो शेतकरीच राहतो. व्यसनी माणसे तिकडेही आहेत आणि मद्याने तिकडचेही संसार मोडतात; पण म्हणून द्राक्षाला कोणी गुन्हेगार ठरवले नाही. आता परत आपल्या अंगणात या आणि मोहाकडे पाहा.

मोहाला संस्कृतात मधूक म्हणतात. हे झाड फार जगते, खडकाळ जमिनीत तगते, दुष्काळातही फुलते. सुकलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. मोहाच्या फळातल्या बीला आमच्याकडे टोळी म्हणतात. तिचे तेल थंडीत तुपासारखे गोठते, आणि ते दिव्याला, अंगाला, एकेकाळी स्वयंपाकालाही चाले. फुले आणि फळे माणसे वेचतात, पानांच्या पत्रावळी व द्रोण होतात, आणि उरले-सुरले अस्वल खाऊन जाते. मोहाच्या हंगामात अस्वल आणि माणूस यांची पहाटे गाठ पडते, ती या गोडीपायीच.

मोहाचा खाजा म्हणजे काय, हे त्या आजीने आम्हांला करूनच दाखवले. वाळवलेली फुले तव्यावर भाजायची, त्यात भाजलेले तीळ किंवा जवस घालून उखळात कुटायचे आणि लाडू वळायचे. फुले ज्वारीबरोबर किंवा हरभऱ्याबरोबर शिजवून खायची. ती वाटून पिठात मिसळून भाकर, पोळी करायची. पावसाळ्यात धान्याची कणगी तळाला गेली की हीच फुले पोटाला आधार देत. ज्या घरी ऊस नाही, गूळ विकत घ्यायला पैसा नाही, त्या घरची साखर म्हणजे मोह.

आणि दारू? होय, तीही होती. ते लपवून इतिहास सांगता येत नाही. फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबू द्यायची, मग मडक्यात घालून खाली जाळ करायचा, वर दुसरे मडके उपडे बसवायचे आणि बांबूच्या नळीतून वाफ थंड भांड्यात उतरवायची. आपल्या भाषेत 'पहिल्या धारेची' हा शब्द आला तो इथूनच. गोंड समाजात जन्म, लग्न, मरण, नवे धान्य या प्रसंगी तिचे थेंब आधी जमिनीला, देवाला, पूर्वजांना वाहतात. मग माणसांनी घ्यायची, तीही पानाच्या द्रोणात आणि चारचौघांत बसून. सोबत तळ्यातली मरळ किंवा झिंगे, लाखोळीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी आणि भात. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या तळ्यांनी इथे भात दिला आणि मासळी दिली, जंगलाने मोह दिला. मोझेलकाठी ट्राउट आणि वाइन यांची जोडी, तशी इथे तळ्याची मासळी आणि मोह यांची जोडी. एका मुलखात जे एकत्र उगवते ते एका ताटात एकत्र बसते, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

एक फरक मात्र सांगितला पाहिजे. वाइन नुसती आंबवलेली असते, मोहाची दारू ऊर्ध्वपातन केलेली, म्हणून कितीतरी कडक असते. तेव्हा दोघींना एका मापाने मोजू नये. जुन्या रिवाजात प्रसंगाचे बंधन होते, ते याचसाठी. बंधन सुटले की तेच पेय घर बुडवते.

या बंधनाचा विचार आपल्या जुन्या राज्यशास्त्रातही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक अख्खा अध्याय आहे. मद्याचा व्यापार सरकारच्या ताब्यात असावा, पिणारा किती पितो यावर नजर असावी, असे कौटिल्य सांगतो. पण त्याच अध्यायात कुटुंबवत्सल माणसांना घरच्या कार्यासाठी आणि औषधासाठी मद्य करण्याची मोकळीक दिली आहे, आणि उत्सव-यात्रेच्या वेळी चार दिवसांची सवलत सांगितली आहे. मौज अशी की, द्राक्षाच्या मद्याला कौटिल्य 'मधु' म्हणतो आणि ते कोणत्या मुलखातून आले त्यावरून त्याची कापिशायन, हारहूरक अशी नावे सांगतो. मुलखाच्या नावाने मद्य ओळखण्याची चाल मोझेलपुरती नाही, ती आपल्याकडेही फार जुनी आहे. तात्पर्य, राज्याने कर घ्यावा, नजर ठेवावी, पण घरचे कार्य आणि बाजारचा धंदा यांत भेद करावा, ही जाण तेव्हा होती.

हा भेद पुसला गेला तो इंग्रजी अमदानीत. १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत बनला आणि भंडारा त्यातला एक जिल्हा झाला. सरकारला वसुली हवी होती. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावात जाऊ लागला. ज्याने जास्त बोली केली त्याला भट्टीचा ठेका. ठेकेदाराने पैसे मोजले म्हणजे ते त्याला वसूल करायचे; तेव्हा जितके लोक जास्त पितील तितका त्याचा लाभ आणि तितकाच सरकारचाही. घरी कार्यापुरते मडके चढवणारा मात्र त्या दिवसापासून चोर ठरला. सणाची वस्तू रोजची झाली, आणि अंगणात होत होती ती दुकानात गेली.

मुंबई इलाख्यात हे आणखी कडक झाले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मद्य मोठ्या कारखान्यांतून काढण्याची व्यवस्था केली. समुद्रकाठचे उरण हे मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्यांचे गाव बनले. लोकांना हे पटले नाही. शिवाय ज्यांना दारूचा तिटकारा होता त्यांनाही ते पटले नाही, कारण दुकाने वाढत होती. १८८० साली पुण्यात नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती.

आणि आता, शिक्षक बंधुभगिनींनो, आपण एक साल लक्षात ठेवा: १८९२. त्या वर्षी मुंबई सरकारने मोह कायदा केला. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी तो होता. त्याने बंधन घातले ते फुलावरच. फूल घरात ठेवणे, आणणे, विकणे यावर सरकारी परवान्याचा अंमल आला. घरात मोह असला तर त्याची दारू होईल, आणि दारू झाली तर सरकारी दुकानाचा गल्ला कमी होईल, असा तो हिशेब होता.

त्याच १८९२ साली जर्मनीत देशातला पहिला वाइन कायदा झाला. त्या कायद्याचा रोख वेगळा होता. वाइनमध्ये काय मिसळावे, काय मिसळू नये, तिच्या नावाखाली काय विकू नये, हे त्याने ठरवले. पुढे १९०१, १९०९, १९३० आणि १९७१ साली तो सुधारत गेला. गावाचे नाव, मळ्याचे नाव, द्राक्षाच्या पक्वतेची प्रत, हे सारे कायद्याने बांधले गेले. आज तिकडे द्राक्षमळ्यांचे १३ प्रदेश कायद्याने ठरलेले आहेत आणि बाटलीवर प्रदेशाचे नाव असते.

एकाच साली दोन देशांत दोन कायदे झाले. एकाने भेसळ करणाऱ्याला धरले, दुसऱ्याने फुले वेचणाऱ्या बाईला. यात जर्मन माणूस अधिक शहाणा आणि आपण मूर्ख, असा अर्थ कृपा करून काढू नका. तिकडे द्राक्ष पिकवणाऱ्याचे स्वतःचे राज्य होते, त्याची दाद कायदेमंडळात लागत होती. इथे मोह वेचणाऱ्याला कोणी विचारलेच नाही. फरक पडला तो यामुळे.

भंडारा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, म्हणून १८९२ चा तो कायदा इथे लागू झाला नाही. ही आमच्या पूर्वजांच्या दैवाची गोष्ट म्हटली पाहिजे. कारण लगेच पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ मध्यप्रांतावर आले. भात गेला, तळी आटली. अशा वेळी जंगलाकडेच्या माणसांना ज्या वस्तूंनी तगवले त्यांत कंदमुळांबरोबर मोहाची फुले होती. ज्याच्या कणगीत मोह त्याच्या पोटात चार घास. आता विचार करा, त्या वर्षी फुले साठवणे हाच गुन्हा असता तर काय झाले असते?

यापुढची गोष्ट स्वराज्याच्या काळातली. दारूने गोरगरिबांचे संसार मोडतात हे आपल्या पुढाऱ्यांनी पाहिले होते. गांधीजींनी दारूबंदी हे राष्ट्रीय काम मानले. आमच्या विदर्भात तुकडोजी महाराजांनी खंजिरी वाजवीत गावोगाव हेच सांगितले. १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला, तो काही भागांपुरता लागू झाला. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. पण या कायद्यातही मोहफुलावरचे निर्बंध तसेच राहिले. हेतू बदलला, तरी फुलाकडे संशयाने पाहण्याची नजर जुनीच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा कायदा विदर्भालाही लागू झाला. साठ-सत्तर वर्षांपूर्वी जे दुर्दैव ठाण्याच्या वारल्या-कातकऱ्यांच्या वाट्याला आले होते, ते आता आमच्या दारी आले.

परिणाम काय झाला, तो वयस्कर श्रोत्यांना ठाऊकच आहे. दारू बंद झाली नाही, ती लपली. रानात, नाल्यात रात्रीच्या वेळी हातभट्ट्या पेटू लागल्या. लपून करायची म्हणजे लवकर करायची. म्हणून नवसागर आला, काळा सडका गूळ आला. मोह हळूहळू त्यातूनही कमी होत गेला. पुढे सरकारी धोरण सैल झाले, १९७३ मध्ये देशी मद्याचे नियम झाले आणि दुकानात देशी दारू आली. पण ती मोहाची नव्हती. ती साखर कारखान्यांच्या मळीच्या मद्यार्कापासून बनलेली. म्हणजे पाहा, ज्या मुलखात मोह पिकतो तिथल्या माणसाच्या पेल्यात मळी, आणि त्याच्या अंगणातल्या फुलावर मात्र पोलिसांचा डोळा!

याच काळात बायकांनी जे सोसले त्याची नोंद इतिहासात पुरेशी झालेली नाही. दुकानातली असो की हातभट्टीची, नवऱ्याच्या मजुरीतली निम्मी तिच्यात गेली की चूल विझायची. म्हणून शेजारच्या गडचिरोलीत लोकांनी मोठे आंदोलन केले आणि १९९३ मध्ये तो जिल्हा दारूमुक्त जाहीर झाला. त्या बायांचा राग खरा होता, आजही खरा आहे. मोहाचे गुण सांगताना मी तो विसरलो, असे कोणी समजू नये. माझे म्हणणे इतकेच की, त्यांचा राग दारूवर होता. फुलावर त्यांचा राग कधीच नव्हता. त्याच बाया पहाटे उठून मोह वेचीत होत्या आणि त्याच्याच पैशात पोरांची पाटी-पुस्तके घेत होत्या.

त्यांचे खरे नुकसान कुठे होत होते ते बाजारात दिसते. मार्च-एप्रिलमध्ये हाताशी पैसा नसतो, म्हणून वाळलेले फूल व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने द्यायचे. साठवायची सोय नाही, त्यात कायद्याची भीती. पावसाळ्यात तेच फूल चढ्या भावाने परत घ्यायचे. माल आपला, श्रम आपले आणि नफा ज्याच्याजवळ गोदाम त्याचा. कायद्याने साठवणीची भीती घातली की गरीब विकून मोकळा होतो, आणि ज्याच्यापाशी परवाना आहे तो श्रीमंत होतो. मोझेलच्या शेतकऱ्याने याच अडचणीवर सहकारी तळघरे बांधून मात केली. पुष्कळ शेतकरी आपली द्राक्षे तिथे एकत्र देतात आणि विक्री संस्था करते. आपल्याकडे दुधाची, भाताची सहकारी संस्था होते, तशीच ती.

अलीकडच्या काळात मात्र वारे फिरू लागले आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. नाशिककडच्या द्राक्षाची वाइन ही शेतीमालावरची प्रक्रिया आहे, असे सरकारने मानले. चांगले झाले. पण मग मोहाने काय पाप केले होते? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क वनवासी माणसाला दिला, आणि मोहफूल हे त्यातलेच. तरीही राज्यातले फुलावरचे जुने निर्बंध उठायला २०२१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मोहफुलाचे संकलन, साठवण आणि वाहतूक मोकळी झाली. १८९२ ते २०२१, म्हणजे १२९ वर्षे! एका फुलाला निर्दोष ठरायला एवढा काळ लागला.

पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, मोहफुलापासून आणि काजूच्या बोंडापासून केलेल्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून वरच्या वर्गात बसवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. उद्या कदाचित मोहाची बाटलीही काचेच्या कपाटात दिसेल, तिच्यावर सुंदर कागद चिकटवलेला असेल, आणि ती कोणत्या माशाबरोबर घ्यावी हे शहरातले लोक एकमेकांना सांगतील. तसे झाले तर त्या बाटलीवर आमच्या मुलखाचे नाव असेल का, आणि तिच्या किमतीतला किती पैसा पहाटे टोपली घेऊन निघणाऱ्या बाईच्या पदरात पडेल, हे दोन प्रश्न आपण आताच विचारले पाहिजेत. ठेकेदाराची जागा कारखानदाराने घेतली आणि बाकी सारे तसेच राहिले, तर इतिहासाने आपल्याला काहीच शिकवले नाही असे होईल.

आपण दारू प्यावी, असे सांगायला मी इथे बसलेलो नाही. मी स्वतः घेत नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांनी घेऊ नये असेच मला वाटते. पण एखाद्या वस्तूचे व्यसन वाईट आहे म्हणून ती वस्तू, तिचे झाड आणि ती वेचणारे हात यांनाही वाईट ठरवणे, हा अन्याय आहे. फुलाचे लाडू होतात, मनुकांसारखा सुका मेवा होतो, काकवीसारखा पाक होतो. हे सारे पोरांच्या पोटात जाऊ शकते. जी साखर भट्टीत जळून गेली ती ताटात परत यावी, एवढेच माझे मागणे.

खेड्यातल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. येत्या हंगामात आपल्या शाळेतल्या मुलांना आपापल्या आजीकडे पाठवा. मोहाचे किती पदार्थ तिला येतात, कोणत्या सणाला कोणता, कशाबरोबर खायचा, हे मुलांनी वहीत लिहून आणावे. गावातली मोहाची जुनी झाडे किती, ती कोणाच्या मालकीची होती, मालगुजारीत त्यांची फुले कोण नेई, १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर काय बदलले, हेही विचारावे. आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात, तो जाळ रानात पसरतो आणि मोहाची नवी रोपेही त्यात जळतात. पाला झाडून घ्यावा किंवा खाली जुने कापड, जाळी अंथरावी. झाड राहिले तर पुढचा इतिहास.

त्या दिवशी निघताना आजीने आमच्या प्रत्येकाच्या हातावर एकेक लाडू ठेवला. थट्टा करणारा तो पोरगा सर्वांत मागे उभा होता. त्याने लाडू तोंडात टाकला, थोडा वेळ गप्प राहिला आणि मग हळूच म्हणाला, "आजी, आनखी एक देता का जी?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "घे ना बापा. घरचाच होय."